स्कॉटलंडनें जगास काय दिलें?



गेल्या जून महिन्यांत नव्या विद्यार्थ्यांचे प्रवेश-अर्ज तपासण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. त्यांपैकीं एका अर्जांत 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यांत प्रथम 'लोहारकाम' असा शब्द लिहिलेला होता. मागाहून त्यावर रेघ ओढून शेजारीं 'नोकरी' असें लिहिलें होतें. अक्षर मुलाचेंच होतें. रेघ बारीक असल्यामुळें खालचा शब्द स्पष्ट वाचतां येत होता. मी त्या मुलास त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं. परंतु ती रेघ माझ्या मनांतून गेली नाहीं. ज्या हातांनीं घर चालतें त्या हातांची मुलास लाज वाटावी, आणि तीहि शाळेच्या दारांत पाऊल टाकतांना वाटावी, ह्यांत त्या मुलाचा दोष थोडा व आपणां शिकलेल्यांचा अधिक आहे. विद्या म्हणजे हात न मळूं देण्याचा परवाना, असा समज आपल्याकडे फार जुना आहे. तो समज किती खोटा आहे हें दाखविण्यासाठीं मी एका दूरच्या, लहान व एके काळीं दरिद्री अशा देशाची हकीकत सांगणार आहें. तो देश म्हणजे स्कॉटलंड.

ब्रिटन बेटाचा उत्तरेकडील भाग तो स्कॉटलंड. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३०,००० चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम चतुर्थांश. आणि लोकसंख्या आजहि सुमारें ५५ लक्ष. उत्तरेचा व पश्चिमेचा मुलूख खडकाळ डोंगरांचा, हवा थंड व ओली. गव्हापेक्षां ओट नांवाचें भरड धान्य तेथें बरें पिकतें, व गरिबांचें पोट पूर्वीं त्यावरच भरत असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथें लागोपाठ पिकें बुडालीं व माणसें अन्नावांचून मेलीं. त्याच सुमारास मध्य अमेरिकेंत डॅरियन येथें वसाहत स्थापण्याचा एक मोठा उद्योग लोकांनीं वर्गणीनें आरंभिला. १७०० सालीं तोहि पुरता फसून देशाचें पुष्कळसें भांडवल बुडालें. १७०७ सालीं इंग्लंडशीं एकीकरण झालें तेव्हां तेथील लोकसंख्या सुमारें दहा लक्षच होती. अशा देशाकडून जगानें कसली अपेक्षा करावी? तथापि गणिताचीं लॉगॅरिथमचीं कोष्टकें, सुधारलेलें वाफेचें इंजिन, खडीचे पक्के रस्ते, टेलिफोन, टेलिव्हिजन व पेनिसिलिन ह्या सर्वांच्या इतिहासांत कोणा ना कोणा स्कॉच मनुष्याचें नांव पहिल्या ओळींत येतें. हें कसें घडलें?

पुष्कळ लोक उत्तर देतात कीं, त्या देशाच्या मध्यभागीं कोळसा व लोखंडाचा दगड विपुल आहे, हेंच त्याच्या भाग्याचें मूळ. ह्या उत्तरांत तथ्य आहे. परंतु तें अपुरें आहे. कोळसा तर लक्षावधि वर्षें भूमींत पडून होता, व त्यावर दरिद्री लोक पिढ्यान् पिढ्या नांदत होते. कोळशाचें सोनें करणारें दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे. तें काय होतें हें पाहूं.

१६९६ सालीं, म्हणजे ऐन दुष्काळाच्या वर्षांत, स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें एक कायदा केला. प्रत्येक धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्यें, एक शाळा असावी, तेथें एक शिक्षक असावा, आणि शाळेच्या इमारतीचा व शिक्षकाच्या वेतनाचा भार तेथील जमीनदारांनीं उचलावा, असा त्या कायद्याचा आशय होता. असे कायदे त्यापूर्वींहि झाले होते. ह्या कायद्यानें त्यांस बळकटी आली. मूळ हेतु प्रत्येक मुलास पवित्र शास्त्र वाचतां यावें हा होता. परंतु ज्यास एक पुस्तक वाचतां येतें त्यास दुसरेंहि वाचतां येतें. मेंढपाळाचा, विणकराचा व जमीनदाराचा मुलगा एकाच बांकावर बसून अक्षरें व हिशेब शिकूं लागला. ही व्यवस्था सर्वत्र सारखी चांगली होती असें नाहीं. उत्तरेकडील डोंगराळ भागांत शाळा विरळ होत्या, व मुलींकडे दुर्लक्ष होत असे. तरी त्या काळाच्या मानानें ही गोष्ट मोठीच होती. शिवाय सोळावें शतक संपण्यापूर्वींच सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, ॲबर्डीन व एडिंबरा येथें विद्यापीठें स्थापन झालेलीं होतीं; त्या वेळीं श्रीमंत इंग्लंडांत मात्र ऑक्सफर्ड व केंब्रिज हीं दोनच होतीं.

आतां एकेका मनुष्याकडे वळूं. आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या ओळखीचें पहिलें नांव जॉन नेपियर ह्याचें असलें पाहिजे. एडिंबराजवळील मर्चिस्टन येथील हा जमीनदार १५५० सालीं जन्मला. मोठमोठाले गुणाकार व भागाकार करतांना खगोलवेत्त्यांचें अर्धें आयुष्य खर्चीं पडतें हें पाहून, गुणाकाराचें काम बेरजेनें व भागाकाराचें काम वजाबाकीनें कसें भागेल, ह्याचा त्यानें वर्षानुवर्षें विचार केला. त्याचें मर्म सोपें आहे. १०० ह्यास १,००० नीं गुणिलें असतां १,००,००० येतात. पहिल्या संख्येंत दोन शून्यें, दुसरींत तीन, आणि उत्तरांत पांच. म्हणजे गुणाकार संख्यांचा झाला, पण बेरीज शून्यांची झाली. ही युक्ति शून्यें नसलेल्या संख्यांसहि लागू पडावी अशीं कोष्टकें त्यानें रचलीं व १६१४ सालीं प्रसिद्ध केलीं. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरनें तीं आनंदानें वापरलीं. गणकयंत्रें हातोहातीं येईपर्यंत, म्हणजे सुमारें साडेतीनशें वर्षें, जगांतील इंजिनिअर, नावाडी व विद्यार्थी ह्या एका मनुष्याच्या ऋणांत होते.

परंतु आपल्या विषयाचा गाभा ग्लासगो विद्यापीठाच्या आवारांतील एका लहानशा खोलींत आहे. ग्रीनॉक ह्या बंदरगांवीं १७३६ सालीं जन्मलेला जेम्स वॅट हा तरुण लंडनमध्यें वर्षभर शिकून गणितयंत्रें बनविण्याचा धंदा करण्यासाठीं ग्लासगोस आला. सात वर्षें उमेदवारी न केलेल्या मनुष्यास दुकान मांडूं द्यावयाचें नाहीं, असा शहरांतील कारागीर-संघांचा नियम होता. तेव्हां १७५७ सालीं विद्यापीठानें त्यास आपल्याच आवारांत जागा दिली. ह्या गोष्टीचें महत्त्व लक्षांत घ्या. कानस घेऊन पितळ घांसणारा एक कारागीर विद्यापीठाच्या भिंतींच्या आंत बसला, आणि प्राध्यापक त्याच्या खोलींत येऊन गप्पा मारूं लागले. त्या प्राध्यापकांत जोसेफ ब्लॅक हा रसायनवेत्ता होता. पाण्याची वाफ होतांना पुष्कळ उष्णता तिच्यांत गुप्तपणें सांठते, व ती उष्णतामापकावर दिसत नाहीं, हा शोध त्याचाच. चुलीवरच्या पातेल्याचें झांकण काढतांना हातावर आलेली वाफ उकळत्या पाण्यापेक्षां अधिक कां पोळते, हें तुमच्यापैकीं ज्यांनीं अनुभविलें असेल त्यांस ही गुप्त उष्णता निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

१७६३-६४ च्या हिवाळ्यांत जॉन अँडरसन ह्या प्राध्यापकानें वर्गांतील एक बिघडलेलें यंत्र दुरुस्तीसाठीं वॅटकडे दिलें. तें न्यूकोमेन ह्या इंग्रज लोहारानें १७१२ सालीं उभारलेल्या पंपाच्या इंजिनाची लहान प्रतिकृति होती. किटलीचें झांकण उडतांना पाहून वॅटनें वाफेचें इंजिन शोधून काढलें, ही गोष्ट आपल्या वाचनमालांतून सांगितली जाते. ती खरी नव्हे. इंजिन त्याच्या जन्मापूर्वींच चालूं होतें. मात्र तें फार खादाड होतें. त्याच्या नळकांड्यांत वाफ भरावयाची, मग आंत थंड पाण्याची धार सोडून त्या वाफेचें पाणी करावयाचें, म्हणजे आंत पोकळी होऊन बाहेरच्या हवेच्या दाबानें दट्ट्या खालीं येई. पुढच्या खेपेस थंड झालेलें नळकांडें पुन्हा तापवावयाचें! ही प्रतिकृति नीट करूनहि ती चार फेऱ्या घेऊन थांबे. वॅटनें वाफ मोजली, पाणी मोजलें, आणि त्यास आढळलें कीं, वाफेच्या रूपांतील पाणी आपल्या सहापट वजनाच्या पाण्यास उकळीपर्यंत आणूं शकतें. असें कां व्हावें हें त्यानें ब्लॅकला विचारलें, आणि ब्लॅकनें त्यास गुप्त उष्णतेचें तत्त्व सांगितलें.

१७६५ च्या मे महिन्यांत एका रविवारीं ग्लासगोच्या हिरवळीवर फिरतांना वॅटला उपाय सुचला. वाफ थंड करण्याचें काम मुख्य नळकांड्यांत करूंच नये. त्यास जोडलेलें एक निराळें पात्र सदैव थंड ठेवावें, व वाफ तेथें ओढून घ्यावी. नळकांडें सदा गरम, पात्र सदा थंड. युक्ति एका वाक्यांत सांगण्याजोगी आहे. परंतु तिच्यामुळें पूर्वीच्या इंजिनांच्या मानानें सुमारें तीन-चतुर्थांश कोळसा वांचूं लागला. तथापि विचार सुचणें व यंत्र चालणें ह्यांत अकरा वर्षें गेलीं. दट्ट्या ज्यांत अचूक बसेल असें मोठें नळकांडें कोणासच करतां येईना. पोटासाठीं वॅट कालव्यांच्या मोजणीचें काम करीत राहिला. अखेर बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन भागीदार झाला, आणि तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सन ह्या लोखंडवाल्यानें नळकांडीं बिनचूक कोरून दिलीं, तेव्हां १७७६ सालीं पहिलीं इंजिनें कामास लागलीं. हे दोघेहि इंग्रज होते. म्हणजे ब्लॅकचें तत्त्व, वॅटची कल्पना, बोल्टनचें धैर्य व विल्किन्सनचें कोरीव काम, ह्यांतील एकहि वगळलें असतें तर इंजिन फिरलें नसतें. प्राध्यापकास कारागिराची जेवढी गरज होती तेवढीच कारागिरास प्राध्यापकाची होती, आणि विशेष हा कीं, दोघांसहि ती कबूल करण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आज घरोघरींच्या दिव्यांवर विजेचें माप म्हणून ज्याचें नांव छापलेलें असतें तो हाच वॅट.

यंत्र दुरुस्तीस देणारा जॉन अँडरसन १७९६ सालीं वारला. त्यानें मृत्युपत्रांत आपली मिळकत एका नव्या विद्यालयासाठीं ठेवली. कारागिरांनाहि शास्त्राचें शिक्षण मिळावें ही त्याची तळमळ होती. ह्या विद्यालयांत जॉर्ज बर्कबेक हा तरुण अध्यापक १८०० च्या सुमारास आपलीं उपकरणें तांबटांकडून व सुतारांकडून करवून घेत असे. 'हें कशासाठीं?' असें ते कारागीर पुन्हा पुन्हा विचारूं लागले, तेव्हां त्यानें त्यांच्यासाठीं शनिवारीं रात्रीं मोफत व्याख्यानें सुरू केलीं. दिवसभर घण मारून आलेल्या माणसांची तेथें गर्दी होऊं लागली. त्याच विद्यालयाचें रूपांतर होत होत आजचें स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ झालें आहे.

ह्या संस्थेचीं फळें पाहा. सुताराचा मुलगा जेम्स यंग तेथें रात्रीच्या वर्गांस बसला. पुढें १८५० सालीं त्यानें कोळशापासून दिव्याचें तेल व मेण काढण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. जेम्स नीलसन हा कोळशाच्या खाणीवर यंत्रें संभाळणारा मनुष्य ग्लासगोच्या गॅस-कारखान्याचा व्यवस्थापक झाला, व तोहि ह्याच विद्यालयांत शास्त्रें शिकला. त्या काळीं लोखंडाच्या भट्टींत थंड वारा फुंकणें उत्तम, असें सर्व लोखंडवाले मानीत. कारण हिवाळ्यांत भट्ट्या बऱ्या चालत. नीलसननें उलट वारा तापवून आंत सोडला. १८२८ च्या त्याच्या पेटंटानंतर कांहीं वर्षांतच एक टन लोखंडास लागणारा कोळसा सुमारें एक तृतीयांशावर आला. लोहाराच्या भात्याविषयीं एक साधा प्रश्न विचारल्यानें एका देशाचें भाग्य पालटलें, हें ज्याच्या घरीं भाता आहे त्या मुलानें विशेष ध्यानांत ठेवावें.

रस्त्यांची कथाहि अशीच आहे. थॉमस टेलफर्ड हा १७५७ सालीं एका मेंढपाळाच्या झोंपडींत जन्मला व कांहीं महिन्यांतच पितृहीन झाला. गांवच्या शाळेंत चार अक्षरें शिकून तो पाथरवटाच्या हाताखालीं उमेदवार राहिला. त्याच हातानें पुढें शेंकडों मैल रस्ते, कॅलिडोनियन कालवा, आणि १८२६ सालीं खुला झालेला मेनाय सामुद्रधुनीवरील सांखळ्यांचा झुलता पूल उभारला. सुमारें ५८० फुटांचा तो गाळा त्या काळीं जगांतील आश्चर्य होता. इंजिनिअरांची पहिली मोठी संस्था लंडनमध्यें निघाली तेव्हां १८२० सालीं हा पाथरवटच तिचा पहिला अध्यक्ष झाला. मृत्युपत्रांत त्यानें आपल्या लहानपणच्या मुलखांतील वाचनालयांची आठवण ठेवली. एअर येथें जन्मलेल्या जॉन मॅक्ॲडमनें सांगितलें कीं, रस्त्याचा भार शेवटीं खालची जमीन सोसते. म्हणून ती कोरडी ठेवा, पाणी दोन्ही बाजूंस वाहून जाईल असा मध्यें उंचवटा द्या, आणि वर मोठे धोंडे न टाकतां सारखी बारीक खडी पसरा, म्हणजे चाकांच्या दाबानेंच ती एकमेकींत घट्ट बसेल. डांबर मागाहून आलें. पण आपल्या गांवच्या रस्त्याच्या कडेस खडीचे ढीग पडलेले दिसतात त्यांमागील मूळ विचार हा.

स्वस्त लोखंड, वाफेचें यंत्र व हुशार कारागीर हीं तिन्हीं एकत्र आल्यावर क्लाइड नदीच्या कांठीं जहाजांचे कारखाने उभे राहिले. १८१२ सालीं हेन्री बेलची 'कॉमेट' ही आगबोट त्या नदींत उतारूंची ने-आण करूं लागली. पुढें शंभर वर्षांनीं, पहिल्या महायुद्धापूर्वीं, जगांत बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकीं सुमारें एक पंचमांश जहाजें ह्या एका नदीवर तयार होत होतीं. ग्लासगोंत १९०३ सालीं तीन कारखाने एकत्र होऊन झालेल्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीचीं कितीतरी इंजिनें हिंदुस्थानच्या रेल्वेमार्गांवर धांवलीं. डंडी शहरांत बंगालचा ताग व्हेल माशाच्या तेलानें मऊ करून यंत्रावर कांतूं लागले. नंतर तींच यंत्रें कलकत्त्याजवळ हुगळीकांठीं आलीं, व १८५५ सालीं रिश्रा येथें पहिली गिरणी निघाली.

उपयोगाचा विचार न करतां केवळ सत्यासाठीं केलेलें संशोधनहि ह्या देशांत कमी झालें नाहीं. जेम्स हटन ह्या एडिंबराच्या गृहस्थानें १७८८ सालीं दाखविलें कीं, पाऊस, नदी व समुद्र हे आज जें संथ काम करतांना दिसतात त्यानेंच हे डोंगर व खडक घडले. म्हणून पृथ्वीचें वय मनुष्याच्या कल्पनेहून कितीतरी अधिक असलें पाहिजे. एडिंबरा येथेंच १८३१ सालीं जन्मलेल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलनें वीज व चुंबकत्व ह्यांचे नियम एकत्र गुंफिले, आणि १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत प्रकाश ही त्याच जातीची लहर आहे असा सिद्धांत मांडला. जर्मनींत हर्ट्झनें अशा लहरी प्रयोगानें दाखविल्या. आपल्या जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्यास त्यांवर नामांकित प्रयोग केले. आणि आज खिशांतला टेलिफोन त्याच लहरींवर बोलतो. सी. टी. आर. विल्सन हा मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. बेन नेव्हिस शिखरावर १८९४ सालीं ढगांतून फांकणारीं तेजोमंडलें पाहून तसे ढग कांचेच्या पात्रांत निर्माण करण्याचा त्यास ध्यास लागला. त्यांतून अदृश्य कणांचा मार्ग धुक्याच्या रेषेनें दाखविणारें उपकरण निघालें, व १९२७ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्या उपकरणाच्या कांचा तो स्वतः फुंकून तयार करीत असे.

विद्यार्थिनींनींहि एक नांव ध्यानांत ठेवावें. जेडबरा येथें १७८० सालीं जन्मलेल्या मेरी सॉमरव्हिल ह्यांस लहानपणीं गणिताचें एवढें वेड होतें कीं, रात्रीं वाचूं नये म्हणून घरच्यांनीं त्यांच्या खोलींतील मेणबत्त्या काढून घेतल्या. त्या अंधारांत तोंडानें सिद्धांत सोडवूं लागल्या. १८३१ सालीं त्यांनीं लाप्लासच्या कठीण खगोलगणिताचें सुबोध इंग्रजी रूप प्रसिद्ध केलें. परंतु त्यांच्या देशांतील विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांस उघडले ते १८९२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं.

वैद्यकांतहि हा वारसा दिसतो. जेम्स सिम्प्सननें १८४७ सालीं एडिंबरा येथें प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठीं क्लोरोफॉर्म वापरला. एअरशायरमधील एका शेतावर वाढलेल्या अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ सालीं लंडनमध्यें बुरशीचा जंतुनाशक गुण आढळला. फ्लोरी व चेन ह्यांनीं ऑक्सफर्ड येथें त्याचें औषध बनविलें, आणि तिघांस १९४५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. एडिंबराचा ग्रॅहॅम बेल अमेरिकेंत गेला व १८७६ सालीं त्यानें टेलिफोनचें पेटंट घेतलें; हेलन्सबराच्या जॉन लोगी बेअर्डनें १९२६ सालीं लंडनमध्यें टेलिव्हिजन दाखविला. अगदीं अलीकडे, १९९६ सालीं, एडिंबराजवळील रॉझलिन येथें प्रौढ मेंढीच्या एका पेशीपासून डॉली नांवाची मेंढी जन्मास आली.

एवढें वाचून कोणी त्या देशाची आरती ओंवाळूं नये. ज्या वर्षीं वॅटला हिरवळीवर कल्पना सुचली त्या वर्षीं स्कॉटलंडांतील कोळशाचे खाणकामगार कायद्यानें खाणीस जन्माचे बांधलेले होते. मालकानें खाण विकली कीं तेहि तिजबरोबर जात. १७७५ व १७९९ च्या कायद्यांनीं ते मोकळे झाले. ग्लासगोची आरंभींची श्रीमंती तंबाखू व साखर ह्यांच्या व्यापाराची, आणि तीं पिकें अमेरिकेंत गुलामांच्या हातून निघत. दास्यमोचनाच्या चळवळीस साथ देणाऱ्या त्याच विद्यापीठाकडे ह्या धंद्याचा पैसाहि देणग्यांच्या रूपानें आला होता. तें त्यानें २०१८ सालीं स्वतःच अहवाल प्रसिद्ध करून कबूल केलें. मागच्या शतकांत तर दैव फिरलें. नॉर्थ ब्रिटिश कंपनी वाफेच्या विद्येंत निष्णात, परंतु डीझेलच्या युगांत मागें पडली व १९६२ सालीं बंद झाली. क्लाइडवरचे बहुतेक कारखानेहि एकामागून एक मिटले. स्वतः वॅटलाहि उतारवयांत अधिक दाबाच्या वाफेचीं नवीं इंजिनें धोक्याचीं वाटत व तो त्यांस विरोध करी. काल शिकलेलें आज पुरत नाहीं, हा धडाहि स्कॉटलंडनेंच दिला आहे.

आपल्या प्रांताशींहि ह्या देशाचा संबंध आला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाचें मूळ डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉच गृहस्थांनीं १८३२ सालीं काढलेल्या शाळेंत आहे. डंडी येथें वनस्पतिशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस हे १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. जगदीशचंद्र बसूंचें चरित्रहि त्यांनीं लिहिलें. हृदय, हात व मस्तक ह्या तिहींचें शिक्षण मिळाल्यावांचून तें शिक्षण पुरें नव्हे, असें त्यांचें मत होतें. ह्या लेखांत आलेलीं नांवें पुन्हा एकवार पाहिलीं असतां त्या मताचा आधार कोठें आहे तें कळेल. लोहार, सुतार, पाथरवट, मेंढपाळ ह्यांच्या घरचीं मुलें शाळेंत आलीं. आणि शाळेंत येतांना हात घरीं ठेवून आलीं नाहींत.

ज्या मुलाच्या अर्जापासून मीं आरंभ केला तो आतां आमच्या शाळेंत आहे. उष्णतेचा धडा चालूं असतां लोखंड तापल्यावर त्याचा रंग कसा बदलतो, हें मीं वर्गास विचारलें. पुस्तकांतील उत्तर पुष्कळांनीं दिलें. त्यानें मात्र कोणत्या रंगावर घाव घालावा, कोणत्या रंगावर पाणी द्यावें, आणि दिवसाच्या उजेडांत तो रंग ओळखणें कां चुकतें, हें सर्व न अडखळतां सांगितलें. वर्ग शांतपणें ऐकत होता. तास संपल्यावर मीं त्यास विचारलें, "हें तुला कोणीं शिकविलें?" तो म्हणाला, "वडिलांनीं, सर." मीं कचेरींतून त्याचा अर्ज मागविला व त्याच्यापुढें ठेवला. त्यानें तो पाहिला, माझ्याकडे पाहिलें, आणि टेबलावरची लेखणी उचलून 'नोकरी' ह्या शब्दावर रेघ ओढली.